शिवारातल्या दिवसभराच्या वाटा : प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यात पायी फिरण्यासारखं आहे तरी काय, असं बाहेरच्या माणसाने विचारलं तर यादी करून दाखवावं असं उत्तर आमच्याकडे नाही. सह्याद्रीचे कडे इथे नाहीत, नाव घेताच डोळ्यांपुढे उभा राहील असा किल्ला नाही, पावसाळी रविवारी मोटारींची रांग लागावी असा धबधबा नाही. औंढा, सेनगाव, कळमनुरीकडचे डोंगर म्हणजे अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे उतरत गेलेले फाटे. त्यांतल्या बहुतेकांवर न्याहारी करून चढावं आणि दुपारच्या भाकरीला खाली यावं. दक्षिणेला वसमतचं सपाट काळं रान, उत्तरेला पैनगंगा, मधून कयाधू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या पाच तालुक्यांची ओळख औंढ्याचं ज्योतिर्लिंग, नामदेव महाराज आणि हळद एवढ्यावर संपते, आणि कुणी त्यात भर घातलीच तर ती ‘मागास’ या शब्दाची असते.

तरीही या पुस्तकात इथल्याच वाटा दिल्या आहेत. सगळ्या दिवसभराच्या. सकाळच्या एसटीने किंवा अकोला–पूर्णा मार्गावरच्या गाडीने निघायचं, शिवारातून, माळावरून, नदीकाठाने चालायचं आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतायचं. एकट्याने नव्हे, जमावाने. आणि फक्त हिवाळ्यातल्या गुलाबी रविवारी नव्हे, तर झड लागलेली असताना, धुई पडलेली असताना, चैत्राचं ऊन डोक्यावर येण्याआधीही. या शेवटच्या अटीमुळे आमच्या ओळखीचे अनेकजण आम्हाला येडे म्हणतात. पण पुस्तकाचा सगळा मुद्दा त्या अटीतच आहे.

डोंगरी मुलखात माणूस जागा बघायला जातो. हवा चांगली असली तर जागा नीट दिसते, वाईट असली तर फेरी वाया गेली असं तो म्हणतो. आमच्याकडे जागेपेक्षा हवेलाच जास्त महत्त्व आहे, कारण इथली जमीन हवेप्रमाणे बदलते आणि तीही मुळापासून. पायाखालची माती, वाटेतला ओढा, शेतातलं पीक, भेटणारी माणसं, दिसणारे पक्षी, अंगावर घ्यायचा कपडा, सोबत न्यायची भाकरी, सगळंच. म्हणून या पुस्तकात वाटा थोड्या आहेत आणि एकेक वाट तीन-तीन, चार-चार वेळा आली आहे. वाचकाला ते पुनरुक्तीसारखं वाटेल. त्याने नाराज होण्याआधी निदान एक वाट दोन ऋतूंत चालून बघावी.

उदाहरणाला नरसी घेऊ. हिंगोलीहून पंधरा-अठरा किलोमीटरवर कयाधूच्या काठी वसलेलं हे गाव परंपरेने संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. गावातून कयाधूच्या काठाकाठाने हिंगोलीकडे यायचं, एवढीच ही वाट. मृगाच्या आधी निघालात तर कयाधूचं पात्र बहुधा कोरडं असतं आणि चक्क पात्रातूनच चालता येतं. काठच्या रानात ढेकळं तापलेली असतात, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, आणि वखरपाळी झालेल्या शेतात टिटवीशिवाय आवाज नसतो. दोन चांगले पाऊस पडले की त्याच शेतात सोयाबीनची तिफण फिरते आणि वाट पात्रातून वर काठावर सरकते. श्रावणात ती काठही सोडते आणि नाइलाजाने सडकेला लागते, कारण शिवारात पाय टाकायची सोय राहिलेली नसते. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन काढणीला येतं, जिकडेतिकडे ताडपत्र्या, गंजी आणि मळणीयंत्राची धूळ. पौषात हरभरा आणि करडई, सकाळी नऊपर्यंत न उठणारी धुई, कुठे ज्वारीच्या तुकड्यावर हुरड्याची आगटी. माघ-फाल्गुनात हळद शिजवायची कुकरं पेटतात आणि अर्धा कोस आधीच वास यायला लागतो. एकाच वाटेवर आम्हाला इतक्या वाटा मिळाल्या, आणि त्यांपैकी एकीवरही ‘स्थळ’ म्हणावं असं काही नव्हतं.

मातीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे चालणाऱ्याची खरी गाठ तिच्याशी पडते. हा सगळा दख्खनच्या लाव्हाचा मुलूख आहे. काळ्या पाषाणाची झीज होऊन जी चिकणमाती तयार झाली ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात चिखल. हा चिखल साधा नव्हे. दहा पावलांत तो बुटाला असा लपेटतो की प्रत्येक पाय किलो-दीड किलोने जड होतो, आणि झटकायला थांबावं तर तेवढ्यात दुसरा पाय रुततो. शेतकरी अशा वेळी चपला हातात घेऊन अनवाणी चालतो. शहरातून आलेले पाहुणे महागाचे बूट घालून येतात आणि पहिल्या तासात त्यांचा अभिमान गळतो. पण अनवाणी चालायलाही इथलाच पाय लागतो, कारण बाभळीचा काटा रबरी तळव्यातूनही आरपार येतो. मग करायचं काय? वाफसा येईपर्यंत काळ्या रानात शिरायचं नाही, हे एकच उत्तर आहे. पाऊस उघडून दोन-तीन दिवस ऊन पडलं, माती ओली असूनही पायाला चिकटेनाशी झाली, की वाफसा आला. वखर कधी धरायचा हे शेतकरी ज्या खुणेने ठरवतो, त्याच खुणेने आपणही चालण्याचा रविवार ठरवावा. पाऊस लांबला तर बरड गाठायचं. औंढा आणि सेनगावकडच्या मुरमाड माळांवर पाणी थांबत नाही. झड चालू असतानाही तिथे पाय कोरडा नसला तरी मोकळा राहतो. वसमतचं शिवार पौषापासून पुढे आणि औंढ्याचे माळ श्रावणात, असा आमचा ढोबळ हिशेब आहे.

पावसाचा स्वभावही ओळखून घ्यावा. जिल्ह्याचं वार्षिक पर्जन्यमान साधारण आठशे ते नऊशे मिलिमीटर, म्हणजे बीड-धाराशिवपेक्षा बरं. पूर्वेकडे असल्यामुळे बंगालच्या उपसागरातून विदर्भावरून येणारे कमी दाबाचे पट्टे आमच्यापर्यंत पोहोचतात आणि मग तीन-तीन दिवस झड लागते. हा पाऊस मारत नाही, भिजवतो. त्यात चालण्याला एक लय असते. बोलणं कमी होतं, पावलं सारखी पडतात, माळावर गवताचा रंग दर तासाला गडद होतो. गुराखी पोरं युरियाच्या पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतात. पोतं आत दुमडून केलेल्या त्या टोकदार टोपीखाली पाठ कोरडी राहते आणि वारा शिरत नाही. आमच्यातल्या एकाने ती शिकून घेतली, आणि आता त्याचं परदेशी रेनकोटाचं कौतुक बंद झालं आहे.

दुसरा पाऊस रोहिणी-मृगाचा आणि परतीचा. हा दुपारी चारच्या सुमारास येतो, वावटळ आणि कडकडाट घेऊन. तो भिजवण्याआधीच माणूस मारू शकतो. मराठवाड्यात दरवर्षी शेतात काम करणारी माणसं आणि जनावरं विजेने जातात. उघडा माळ आणि त्यावर एकटं झाड ही इथली नेहमीची रचना आहे आणि विजेला तीच हवी असते. म्हणून या दोन मोसमांत आमचा नियम कडक आहे. दुपारी दोनच्या आत चाल संपवायची. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून झाले नाहीत, तर ढग साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे असं समजून पक्कं घर किंवा गाडी गाठायची, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ हे ॲप फोनवर ठेवावं, पण माळावर रेंज जाते हे धरून चालावं. उघड्यावर सापडलातच तर झाडाखाली गोळा होऊ नका. भीतीने माणसं एकमेकांना बिलगतात. अशा वेळी जमावाने उलट पांगायचं असतं, एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून, उकिडवं बसायचं असतं. हे घरी सांगितलं की पटतं, माळावर मात्र कुणीतरी दटावून करून घ्यावं लागतं.

पाण्याचंही तसंच आहे. हिंगोलीच्या नद्या वर्षातले आठ-नऊ महिने दुर्लक्ष करण्यासारख्या असतात, त्यामुळेच त्या फसवतात. जुलै २०२२ मध्ये आसना नदीला पूर येऊन वसमत तालुक्यातल्या कुरुंदा गावात पाणी शिरलं. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडकडे झालेल्या अतिवृष्टीत कयाधूने काठ सोडले. पुढल्या पानांत जिथे जिथे वाट ओढा ओलांडते तिथे तशी खूण केली आहे. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोटाभर आहे की गुडघाभर याचा वाद घालत बसू नका, आल्या वाटेने परता. गावातली पोरं बिनधास्त जातात ही सबब ऐकू नका. त्यांना कुठली फरशी कुठे खचली आहे हे पाठ असतं.

उन्हाळ्यावर लोक सगळ्यात जास्त हसतात. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो आणि तुम्ही फिरायला निघता? निघतो, पण पहाटे. साडेपाचला पहिलं पाऊल आणि दहाला शेवटचं. दोन्ही खांद्यांवरून घेतलेली दस्ती, माणशी तीन-चार लीटर पाणी, मीठ-साखर. उन्हाळ्याच्या वाटा आम्ही पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांच्या भरावावरून आखल्या आहेत. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचं पाणी या कालव्यांतून वसमतकडे येतं, काठाला केळी, ऊस आणि नव्याने लागवडीला तयार केलेलं हळदीचं रान असतं, आणि त्या ओलाव्याने पहाट खरोखर थंड लागते. माळावर मात्र या दिवसांत पळस, बिबा, टेंभुर्णी एवढेच सोबती. पळस फाल्गुनात पेटून विझलेला असतो. सावली विचाराल तर लिंबाची आणि शेतातल्या खोपीची, म्हणजे आखाड्याची. शेतातल्या आखाड्यावर माणूस असला तर तो पाणी पाजल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, आणि नसला तर माठावरचं झाकण काढून पाणी घ्यायला इथे कुणाची हरकत नसते. झाकण परत ठेवायचं, एवढंच.

जमावाने का चालायचं, हा प्रश्न एकट्याने भटकणारे विचारतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण आपल्या भाषेत चालण्याची जी मोठी परंपरा आहे ती जमावाचीच आहे, आणि हा जिल्हा तिच्या मुळाशी आहे. नामदेव महाराज जमावात चालले. ज्ञानेश्वरांबरोबरच्या तीर्थयात्रेत चालले, पुढे थेट पंजाबापर्यंत गेले. तिथल्या घुमान गावाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे आणि त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आजही ज्येष्ठात शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी रिसोडकडून पानकन्हेरगावला मराठवाड्यात शिरते आणि सेनगाव, नरसी, दिग्रस, औंढा नागनाथ, जवळा बाजार असं करत परभणीकडे जाते. मृगाच्या आगेमागे. म्हणजे कधी चाळीस अंशांत, कधी पहिल्या वळवात, कधी दोन्ही एकाच दिवशी. वारकरी हवामानाचा अंदाज बघून मुक्काम बदलत नाहीत. पण त्यांची शिस्त बघून ठेवण्यासारखी आहे. रांग तुटत नाही, म्हातारा माणूस मागे पडत नाही, पहाटे लवकर उठून मोठा टप्पा सकाळीच उरकतात, आणि दुपारी झाडाखाली सगळे आडवे. आमच्या चालीचे निम्मे नियम तिथून उचललेले आहेत. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला पुढे घालायचं, हा त्यांतला पहिला. शेवटच्या माणसाच्या मागे एक जाणता माणूस ठेवायचा, हा दुसरा. फरक एकच. वारकऱ्याला पोहोचायचं असतं, आपल्याला नसतं. त्यामुळे अर्ध्यातून परत फिरण्याची जी मुभा त्याला नाही ती आपल्याला आहे, आणि ती लाज न बाळगता वापरावी.

जमावाने चालण्याची दुसरी बाजू जेवणाला उघडी पडते. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’तल्या ‘वाटचाल’ या लेखात दिंडीबरोबर केलेल्या प्रवासाविषयी लिहिलं आहे. एकाच विठ्ठलाला निघालेली माणसं दिवसभर एकत्र चालत आणि जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसत, हे त्यांना बोचलं होतं. औंढ्याची कथाही काही निराळं सांगत नाही. देवळापुढे कीर्तनाला उभ्या राहिलेल्या नामदेवांना मागच्या बाजूला जायला लावलं आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, नंदी मागे राहिला, असं गावोगाव सांगतात. यादवकालीन देवळाच्या मागे असलेला नंदी बघताना या कथेची आठवण न येणारा माणूस विरळा. आमच्या चालीत शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, एक कंपाउंडर, दोन-तीन शेतकरी, औषधं विकणारा एक, कॉलेजातली पोरं. गाठोडी सोडली की सगळं एका कापडावर ओतायचं असा रिवाज पहिल्यापासून ठेवला. धपाटे, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, ठेचा, कांदा, कुणाच्या घरची दशमी. कुणी फक्त स्वतःचा डबा उघडून झाडामागे बसायला लागलं तर त्याला हाक मारून बोलावतो. यात थोर काही नाही, पण हे आपोआप होत नाही. ते ठरवून करावं लागतं.

बायकांविषयीही तेच. खेड्यातली बाई रोज शेतात जाते-येते, सरपण आणते, पाणी आणते, तिच्या चालण्याकडे कुणी वळून बघत नाही. पण शहरातली बाई हौसेने माळावर फिरते म्हटलं की चौकशा सुरू होतात. आमच्यात बायका आल्या त्या एकेकट्या आल्या नाहीत, तिघी-चौघी मिळून आल्या, आणि त्यांनी पहिल्याच फेरीत दोन गोष्टी मागून घेतल्या : वाटेत दर दोन तासांनी एखादी शाळा किंवा ओळखीचं घर हवं, आणि परतीची गाडी अंधार पडायच्या आतली हवी. पुस्तकातल्या सगळ्या वाटा आता या दोन अटींवर तपासलेल्या आहेत. पुरुषांनाही त्या सोयीच्याच ठरल्या, हे ते उशिरा कबूल करतात.

रस्त्यात भेटणाऱ्यांशी कसं वागायचं, यावर एक इशारा. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत हा जिल्हा आहे आणि त्याला शेतकऱ्यांचा विरोधही आहे. अशा दिवसांत दहा-पंधरा अनोळखी माणसं हातात नकाशा घेऊन धुऱ्यावरून चालताना दिसली की शेतकऱ्याला आपण मोजणीवाले वाटतो. आधी राम राम घाला, मग गाव सांगा, मग कशाला आलात ते सांगा. ‘नुसते फिरायला’ या उत्तरावर पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही. त्याच शिवारात दुसऱ्या ऋतूत पुन्हा गेलात की बसतो. आंध आदिवासींच्या वस्त्या आणि बंजारा तांडे यांच्याजवळून जाताना फोटोची घाई करू नका. ज्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून दख्खन पालथी घातली, त्यांना चालण्याचं कौतुक आपण सांगायचं म्हणजे जरा जास्तच होतं.

(वसमत, औंढा, कळमनुरीच्या काही गावांत जमिनीखालून आवाज येतात, पांगरा शिंदे हे नाव त्यासाठी बातम्यांतून सगळ्यांना माहीत झालं. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी तर ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. या भागातून जाताना गावकरी तो विषय स्वतःहून काढतात. ऐकून घ्यावं, शहाणपण शिकवू नये.)

पक्ष्यांसाठी आणि पाण्यासाठी ज्यांना चालायचं आहे त्यांनी पैनगंगेवरच्या इसापूर धरणाकडची वाट हिवाळ्यात घ्यावी. जलाशयाचा भाग पक्षी अभयारण्य आहे, आणि पाणी उतरून गाळाचे काठ उघडे पडले की चक्रवाकांच्या जोड्या दिसतात. रोही जिल्ह्यात कुठेही आडवा येतो. डोंगरापेक्षा देवस्थान ज्यांना ओढतं त्यांना कुरुंद्याजवळची टोकाई पुरेल. याहून जास्त स्थळवर्णन या प्रस्तावनेत मी करणार नाही.

राहिला प्रश्न खुद्द वाटांचा, आणि माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा. इंग्लंडात २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार किंडर स्काउटच्या माळावर मालकांची मनाई मोडून चढले, त्यांतल्या काहींना तुरुंगात जावं लागलं, आणि पायवाटेचा हक्क हा तिथे राजकारणाचा विषय झाला. आमचा माळ जमीनदाराने अडवलेला नाही. इथे वाट जाते ती हाताहाताने. पांदणीच्या, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेच्या, एका बाजूचा शेतकरी नांगराचं एक तास आत घेतो, समोरचा पुढल्या साली दोन घेतो, मधे बाभळी वाढतात, पावसाचं पाणी उरलेल्या घळीतून वाहतं आणि दहा वर्षांत पांदण ओढा होऊन जाते. मग ज्याचं शेत आत आहे त्याला पावसाळ्यात बैलगाडी नेता येत नाही, सोयाबीन डोक्यावर बाहेर काढावं लागतं, आणि भांडण तहसीलला जातं. झडीत चालताना हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं कोरड्या दिवसांत दिसत नाही. हौशी चालणाऱ्याची पायवाट आणि शेतकऱ्याची गाडीवाट एकच आहे. ती बुजली तर आपला रविवार जातो, त्याचा हंगाम जातो.

कायदा या बाबतीत लुळा नाही. गाव नकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढायला तहसीलदार सांगू शकतो, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. पाणंद रस्त्यांसाठी शासनाची योजनाही आहे. कागद भरपूर आहे. कमी आहे ते त्या वाटेवरून जाणाऱ्या-येणाऱ्या पायांचं. जी वाट सगळ्या ऋतूंत वापरात आहे ती नांगरायला माणूस कचरतो. वर्षातून एकदा, डिसेंबरात, ऊन पडलेलं बघून गेलेल्या पन्नास जणांपेक्षा दर दोन महिन्यांनी गेलेले दहाजण वाटेला जास्त उपयोगी पडतात.

तेव्हा वाचकाला विनंती आहे. यातली कुठलीही वाट निवडण्याआधी त्या गावाच्या गाव नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून काढून घ्या आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवा. आम्ही दिलेली पांदण जागेवर सापडली नाही तर बांध तुडवत पुढे जाऊ नका. जवळच्या आखाड्यावर विचारा, नकाशावर खूण करा, आणि परतताना ती खूण सरपंचाला किंवा ग्रामसेवकाला दाखवा. पुढच्या ग्रामसभेत तो विषय मांडायला गावातला कुणी तयार झाला, तर त्या दिवशी जमलं तर तुम्हीही जा.